सदाशिव पेठेतले लक्ष्मीनारायण

आयुष्यात मी एकदाच देव झालो, आणि तोही दुपारच्या जेवणापुरता.

आम्ही तंजावरचे. म्हणजे मूळचे इकडचेच, साताऱ्याकडच्या कुठल्याशा गावचे. पण माझे खापरपणजोबा फौजेबरोबर दक्षिणेत गेले, तिकडचा भात त्यांना मानवला आणि परत यायचं राहूनच गेलं. घरात मराठी, दारात तमिळ आणि पानात चिंच, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची घडी बसलेली. ती विसकटली आप्पांनी. आप्पा म्हणजे माझे वडील. उतारवयात त्यांना वाटायला लागलं, की मरण्याआधी एकदा पूर्वजांचा मुलूख डोळे भरून पाहावा. (पूर्वजांचा मुलूख तंजावरात बसून फार सुंदर दिसतो.) मी एकुलता एक मुलगा, तेव्हा मी निघालो, आणि मी निघालो म्हणून माझी बायको कामाक्षी निघाली. चार महिन्यांत परत येऊ असं सांगून निघालेलो आम्ही वर्ष उलटलं तरी पुण्यातच होतो. एका शास्त्रीबोवांच्या पोथ्यांच्या नकला करून मी आमचं पोट भरत होतो, आणि आप्पा रोज सकाळी उठून पूर्वजांच्या मुलखाला नावं ठेवत होते.

राहायला होतो नदीकाठच्या एका देवळाच्या ओवरीत. ओवरीला भिंती तीन. चौथी भिंत म्हणजे कामाक्षीचं वाळत घातलेलं लुगडं. उन्हाळ्यात वारा छान यायचा. पण कामाक्षीला दिवस गेले होते, सातवा महिना लागला होता, तंजावरचा प्रवास आता शक्य नव्हता आणि पावसाळा तोंडावर आला होता. देवळाचे पुजारी एक दिवस वर छताकडे बघत म्हणाले, "पावसाळ्यात इथे मी बैलसुद्धा बांधत नाही. तुम्ही बघा काय ते."

कामाक्षीचं बाळंतपण गळक्या ओवरीत होऊ नये, एवढं एकच मागणं त्या उन्हाळ्यात माझं देवाकडे होतं. देवाच्या आवारातच राहत असूनही ते पोचत नव्हतं! पुण्यात जागा शोधून शोधून माझ्या वहाणा झिजल्या होत्या.

तर अधिक ज्येष्ठातली ती सकाळ. कामाक्षी म्हणाली, "आज जागा बघूनच परत यायचं. मी बरोबर येते. तुम्ही एकटे गेलात की जागेऐवजी माणसं बघून येता."

आप्पा म्हणाले, "आज पर्वती बघायची. वर्ष झालं, अजून पर्वती नाही बघितली. तिकडे गेल्यावर लोकांना काय सांगू?"

कामाक्षी म्हणाली, "आणि मला काहीतरी आंबट हवंय. आत्ता."

मी तिघांनाही हो म्हणालो. (तिसरं म्हणजे पोटातलं. आंबट त्यालाच हवं होतं, असं कामाक्षीचं म्हणणं.)

शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात मंडई भरली होती. मी एका बाईपुढच्या कैऱ्यांच्या ढिगाशी बसलो आणि विचारलं, "ही कैरी आंबट आहे का?"

"कैरी आहे," बाई म्हणाली.

"नाही, पण चांगली आंबट आहे का?"

"न्या. गोड निघाली तर परत आणा."

कैऱ्या घेतल्या. पुढे फुटाणे घेतले, लाह्या घेतल्या, केळी घेतली. परमुलखात फिरताना आमच्यासारख्या सोवळ्याओवळ्याच्या माणसांची मोठी पंचाईत असते. वास सगळीकडून येतात आणि खाता काहीच येत नाही! एका हलवायाच्या कढईपाशी आप्पा इतका वेळ उभे राहिले, की त्याने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. गिऱ्हाइकांना कढई दिसत नव्हती. शेवटी आप्पांनी फुटाण्यांचा बकाणा भरला आणि म्हणाले, "हे पुणं म्हणजे नुसतं हुंगायचं गाव आहे."

मग सदाशिव पेठेत जागा शोधली. पहिल्या घराच्या ओट्यावर एक गृहस्थ सुपारी कातरत बसले होते.

"जागा आहे का?" मी विचारलं.

"आहे."

"द्याल का?"

"नाही."

"का हो?"

"दिली तर राहील का मग?"

यात चुकीचं काही नव्हतं. आम्ही पुढच्या घरी गेलो. तिथल्या आजोबांनी आम्हांला नीट न्याहाळलं.

"कुठले?"

"तंजावरचे."

"मराठी कसं काय बोलता?"

"आम्ही मराठीच आहोत."

"बोलण्यावरून वाटत नाही," असं म्हणून त्यांनी दार लावलं. तिसऱ्या घरी एक बाई जरा मऊ वाटल्या. पण कामाक्षी तेवढ्यात तिथेच उभी राहून कैरीचा करकरून चावा घेत होती. बाईंनी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग कैरीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बाळंतपण म्हणजे विटाळ आला, रडारड आली. आमच्याकडे आधीच तीन सुना आहेत." चौथ्या दारापर्यंत कामाक्षी गेलीच नाही. ती कोपऱ्यावरच्या हौदाच्या कट्ट्यावर बसून राहिली आणि काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला फार भीती वाटते.

"चला, आधी पर्वती," आप्पा म्हणाले. "जागा काय, कुठे पळून जात नाही."

पर्वतीच्या पायथ्याशी कामाक्षीला झाडाखाली बसवलं आणि आम्ही बापलेक चढलो. निम्म्या पायऱ्यांवर आप्पांना धाप लागली. धापा टाकत ते म्हणाले, "एवढीशी टेकडी! आमच्या मोठ्या देवळाचा नंदी बसला तरी याहून उंच दिसतो." वर जाऊन देवदर्शन झालं, खाली तळं दिसलं, बागा दिसल्या, सगळं पुणं दिसलं. एवढी घरं! त्यांतल्या एकाही घरात आमच्यासाठी एक कोपरा नव्हता. तिथे देवापुढेच माझे डोळे भरून आले. आप्पांना वाटलं, मी दर्शनाने गहिवरलो. त्यांनी पाठीवर थाप मारली.

खाली उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि तिघांच्या पोटात कावळे ओरडत होते. ओवरीत परत जाऊन, चूल पेटवून, भात शिजवायचा म्हणजे दिवस कलणार. पुन्हा सदाशिव पेठेच्या गल्लीत शिरलो आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

इथे थोडं थांबून आमच्याकडची रीत सांगायला हवी. तंजावरच्या राज्यात वाटसरूंसाठी छत्रं आहेत. छत्र म्हणजे राजाने बांधलेलं अन्नछत्र. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीही यावं, नाव-गोत्र सांगावं, हातपाय धुवावे, पानावर बसावं. जेवून तीन दिवस पाठ टेकायलाही मुभा. तिथे 'तुम्ही का आलात' असं कुणी विचारत नाही. उलट दुपारी छत्राचा कारभारी स्वतः दारात येऊन उभा राहतो आणि कपाळाला हात लावून रस्ता न्याहाळतो, कुणी भुकेला चुकून पुढे तर जात नाही ना! जेवण झालं की वाटसरूने कारभाऱ्याला काय कमी, काय जास्त ते मोकळेपणाने सांगावं, अशीही पद्धत आहे. तसं सांगणं म्हणजे धर्मकार्याला हातभार. मी लहानपणापासून असे पुष्कळ हातभार लावले आहेत.

"श्रीमंतांची राजधानी," मी म्हणालो, "आणि इथे छत्र नाही, असं होईल?"

समोरून एक गृहस्थ येत होते. मी विचारलं, "इथे आल्यागेल्याच्या जेवणाची काही सोय आहे का?"

"आहे की," ते न थांबता म्हणाले. "ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या घरी."

आणि तेवढ्यात मला ते दिसलं. गल्लीच्या टोकाला एक मोठं घर. दारात भलीमोठी रांगोळी, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. आतून साजूक तुपाचा वास. आणि उंबऱ्यात रेशमी मुकटा नेसलेले, घामाघूम झालेले एक गृहस्थ, कपाळाला हात लावून गल्ली न्याहाळत उभे!

"छत्र!" आप्पा ओरडले.

"आणि तो कारभारी!" मी म्हणालो.

आम्हांला पाहताच ते गृहस्थ दोन पावलं पुढे आले. त्यांचं नाव तात्या, हे नंतर कळलं. "आलात एकदाचे!" ते म्हणाले. "केव्हापासून वाट बघतोय. म्हटलं येताय की नाही!"

पुण्यात येऊन वर्ष झालं होतं, पण आमची वाट बघणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. "वाटेत पर्वती बघितली," मी म्हणालो.

"पर्वती," ते म्हणाले. "इथे पुरण गार होतंय आणि तुम्ही पर्वती बघताय. बरं. हे कोण?"

"वडील."

"वडिलांचं कुणी बोललं नव्हतं."

"चालतं हो. आमच्याकडे एकाऐवजी दहा आले तरी कुणी विचारत नाही."

"तुमच्याकडे विचारत नसतील," तात्या म्हणाले; पण त्यांनी वाट दिली. आतून त्यांच्या पत्नी आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, हातात पंचपात्र. त्यांना सगळे माई म्हणत. त्यांची नजर कामाक्षीच्या पोटावर गेली आणि चेहरा उजळला. "अगबाई! हे तर कुणी सांगितलंच नव्हतं. ये गं, ये. शुभच आहे."

मला नेसायला मुकटा मिळाला. तात्यांनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. (छत्रात विचारतातच.) "बायकोचं नाव?"

"कामाक्षी."

"हे नाव की तीर्थक्षेत्र?" असं पुटपुटत तात्यांनी पळीत पाणी घेतलं, काहीतरी मंत्र म्हटले, ताम्हन पुढे ओढलं आणि स्वतःच्या हातांनी माझे पाय धुवायला सुरुवात केली!

आता आमच्या छत्रातही पाय धुवायला पाणी देतात. पण तांब्या देतात. कारभारी स्वतः खाली बसून अंगठे चोळत नाही. मी चपापलो, आणि मग मनाशी म्हणालो, अरे, ही राजधानी आहे. इथलं सगळं एक पाऊल पुढेच असणार. मी दुसरा पायही पुढे केला. माईंनी कामाक्षीचे पाय धुतले, कुंकू लावलं. मग दोघं नवराबायको ताम्हनातलं ते पाणी डोळ्यांना लावू लागले. कामाक्षीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, राजधानी.

तेवढ्यात आप्पांनी आपला पाय ताम्हनात ठेवला. "माझे राहिले," ते म्हणाले.

तात्यांनी त्या पायाकडे बराच वेळ पाहिलं. "तुमच्यासाठी मागे विहीर आहे," ते म्हणाले.

आप्पा दुखावले. वयोवृद्ध माणसाला विहिरीवर पाठवणारं छत्र त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यामुळे परत आल्यावर त्यांनी काय करावं? मधल्या घरात दोनच पाट मांडलेले होते, चांदीच्या फुल्यांचे, भोवती रांगोळी, पुढे समया. तिसरं पान भिंतीशी, साधं, बिनरांगोळीचं, आप्पांसाठी आयत्या वेळी मांडलेलं. मी एका पाटावर बसलो होतो. कामाक्षीला माई हात धरून आणत होत्या, तेवढ्यात आप्पा ऐटीत आले आणि माझ्या शेजारच्या पाटावर बसले!

"अहो, ते लक्ष्मीचं पान आहे!" माई कळवळून म्हणाल्या.

"मला कुठलंही चालतं," आप्पा म्हणाले आणि पाण्याचा हात पानाभोवती फिरवूनही मोकळे झाले.

"उठा तिथून," तात्या म्हणाले.

"आणि मग तिथे कोण बसणार?"

"सूनबाई."

"सून? नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून? पुरुषांच्या पंगतीत?" आप्पा माझ्याकडे वळले. "व्यंकट, हे कसलं छ..."

"आप्पा, इकडची रीत असेल!" मी घाईने म्हणालो. आप्पा पुटपुटत उठून भिंतीशी गेले, पण जाताना त्या पानावरचा अनरसा बरोबर नेला.

जेवण मात्र काय सांगू! वरणभात, आमटी, पुरणपोळी, तुपाची धार, अळूची भाजी, कोशिंबीर, आणि अनरसे! खसखशीचे, जाळीदार, तोंडात विरघळणारे. तात्या समोर हात जोडून उभे. "सावकाश होऊ द्या," म्हणत होते. मी पोट फुटेस्तोवर जेवलो. आणि मग, आमच्या रीतीप्रमाणे, धर्मकार्याला हातभार लावायला सुरुवात केली.

"व्यवस्था उत्तम आहे," मी म्हणालो. "फक्त आमटी गोड लागते."

तात्यांच्या जोडलेल्या हातांची पकड किंचित घट्ट झाली. "गूळ आहे तिच्यात," ते म्हणाले.

"तेच. आणि चिंचेचं सार नाही केलं?"

"नाही."

"असू द्या. उद्या करा."

"उद्या?"

"उद्या किंवा परवा. तीन दिवस आहोत ना आम्ही, रीतीप्रमाणे."

"उद्या शनिवार," भिंतीकडून आप्पा म्हणाले. "न्हायला तेल लागेल. तिळाचं असलं तर बरं."

"तिळाचं," तात्या म्हणाले. त्यांनी माईंकडे पाहिलं. माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनाही काही कळत नव्हतं. पण अधिक महिन्यातली एखादी रीत आपल्याला ठाऊक नाही, असं सदाशिव पेठेतला माणूस चारचौघांत कबूल करत नाही. (हे माईंनीच मला पुढे हसत हसत सांगितलं.) "तीन दिवसांचंही असतं काय..." असं काहीतरी तात्या स्वतःशी म्हणाले आणि आत गेले.

जेवणं झाली. आप्पांनी आपलं ओलं धोतर चौकात तुळशीपाशी वाळत घातलं, ओसरीवरच्या झोपाळ्यावर अंग टाकलं आणि घोरायला लागले. मीही बरीशी खोली बघावी म्हणून हिंडायला लागलो. मागच्या बाजूला एक दिसली. कोरडी, सारवलेली, खिडकीत वारा. दारात तात्या येऊन उभे राहिले.

"काय बघताय?"

"ही द्या आम्हांला," मी म्हणालो. "फक्त ती भाताची पोती तेवढी हलवा."

तात्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुणेकराला उत्तर सुचत नाही, हा प्रसंग मी वर्षभरात प्रथमच पाहत होतो.

तिकडे मधल्या घरात माई कामाक्षीची ओटी भरत होत्या. तांदूळ, नारळ, खण, वर नवंकोरं लुगडं. मी दाराशी गेलो तर कामाक्षी मला हळूच म्हणाली, "अहो, छत्रात लुगडं देतात?"

"राजधानी आहे अगं."

"छत्रात यजमानीणबाई पाया पडतात?"

"पाया?"

आणि खरंच माई, माझ्या आईच्या वयाच्या माई, वाकून कामाक्षीच्या पाया पडल्या. कामाक्षीने एकदम रडायलाच सुरुवात केली. सकाळपासून दारोदार हिंडून नकार ऐकलेली पोर ती. तिची ओटी भरायला इथे आई नव्हती, सासू नव्हती, कुणी नव्हतं. माईंनी तिला जवळ घेतलं. "काय झालं गं? कितवा?"

"सातवा."

"बाळंतपणाला माहेरी जाणार ना?"

"माहेर तंजावरला आहे. आम्ही देवळाच्या ओवरीत राहतो. पावसात ती गळते."

"ओवरीत?" माई म्हणाल्या. "ओवरीत बाळंत होणार तू?"

मलाही गलबलून आलं. मी उपरण्याने डोळे पुसत होतो, इतक्यात दाराशी गलका झाला. एक भटजी घाम पुसत आत आले आणि त्यांच्यामागून काठी टेकत एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची तितकीच वृद्ध पत्नी.

"क्षमा असावी तात्या, उशीर झाला," भटजी म्हणाले. "यांचा गुडघा धरला होता. हं, घ्या. तुमचं मेहूण आणलंय."

झोपाळ्यावरून आप्पांचं घोरणं येत होतं.

"माझं मेहूण जेवून बसलंय," तात्या सावकाश म्हणाले.

"कुठलं?"

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. भटजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "हे कोण?" त्यांनी विचारलं.

"हेच मी विचारणार होतो," तात्या म्हणाले. "तुम्ही पाठवलेत ना?"

"मी? मी यांना जन्मात पाहिलं नाही!"

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि हळूहळू, फार हळूहळू, माझ्या डोक्यात उजाडलं. अधिक महिना! अधिक महिन्यात एखाद्या नवराबायकोच्या जोडीला मेहूण म्हणून घरी बोलावतात, लक्ष्मीनारायण समजून पाय धुतात, पूजा करतात, अनरशांचं जेवण घालतात. आमच्या तंजावरच्या घरीही आई दर अधिकात मेहूण घालायची! मला सगळं ठाऊक होतं. पण भुकेपुढे आणि छत्रापुढे माझी अक्कल गहाण पडली होती.

"मला वाटलं, हे छत्र आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

"छत्र. फुकट जेवण देतात ते. वाटसरूंना."

"माझं घर," तात्या एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "तुम्हांला धर्मशाळा वाटली?"

"व्यवस्था इतकी चांगली होती, की..."

"आमटी सोडून," तात्या म्हणाले.

मी खाली मान घातली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण पोटभर पुरणपोळी जेवलेला माणूस धरणीलाही जड झाला असता. दाराशी काठी टेकून उभे असलेले वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आम्ही जेवायचं आहे, की परत जायचं आहे? गुडघ्याला तेवढं कळू द्या."

"पण भटजी," माई घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "पूजा कुणाची झाली मग? पुण्य लागलं की नाही?"

भटजी कोड्यात पडले. "संकल्प केलात?"

"केला."

"यांच्या नावगोत्राने?"

"यांच्याच."

"पाय धुतलेत? तीर्थ घेतलंत?"

"घेतलं," तात्या म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. पर्वती उतरून आलेल्या माझ्या पायांची धूळ त्यांना आठवली असावी.

"मग हेच लक्ष्मीनारायण," भटजी म्हणाले. "आता त्याला इलाज नाही."

"आणि हे?" तात्यांनी वृद्ध जोडप्याकडे हात केला.

"हेही लक्ष्मीनारायणच. दोन झाले. अधिकस्य अधिकं फलम्!"

"अनरसे कुठे आहेत अधिक?" माई म्हणाल्या. अनरशांचं ताट रिकामं होतं. तिथून खसखशीची एक बारीक रेघ ओसरीवरच्या झोपाळ्यापर्यंत गेली होती, आणि झोपाळ्यावर आप्पा तृप्त चेहऱ्याने घोरत होते.

"जागं करा त्यांना," तात्या म्हणाले. "आणि धोतर काढा ते माझ्या तुळशीवरून. निघा."

कामाक्षी उठली. तिने ओटीतलं नवं लुगडं काढलं, घडी नीट केली आणि माईंपुढे ठेवलं. "चुकून घेतलं," ती म्हणाली. "तुम्ही पाया पडलात, त्याचं काय करू ते मला कळत नाही." आणि तिनेच वाकून माईंना नमस्कार केला. सातव्या महिन्यात वाकणं म्हणजे काय, ते बघणाऱ्यालाही जाणवतं.

माईंनी ते लुगडं उचललं आणि परत तिच्या ओटीत ठेवलं. मग तात्यांकडे वळल्या. "अहो, मागची खोली रिकामी आहे."

"रिकामी आहे," तात्या म्हणाले. "आणि तशीच राहणार आहे."

"लक्ष्मी म्हणून ओटी भरली मी हिची. भरल्या ओटीने ओवरीत पाठवू? तेही बाळंत व्हायला?"

"मी लक्ष्मी बोलावली नव्हती. आपली आली."

"लक्ष्मी आपली आपणच येते, हो की नाही भटजी?" माई म्हणाल्या.

भटजींनी एकदा तात्यांकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराकडे. "अधिकात दारी आलेली लक्ष्मी परत पाठवू नये खरी," ते म्हणाले. "शास्त्रात बसत नाही."

मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारत होतो. आधी माझ्याकडे, मग कामाक्षीकडे, मग तिच्या पायांकडे बघून तात्या म्हणाले, "ठीक आहे. लक्ष्मीला घराबाहेर काढता येत नाही. भाडं मात्र घेता येतं. अगं, पोती हलवायला सांग."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या महिन्यांची काळजी एका क्षणात उतरली. मला तात्यांचे पाय धरावेसे वाटले, भटजींना उचलून घ्यावंसं वाटलं. आणि त्या आनंदाच्या भरात, जन्मभराच्या सवयीने, माझ्या तोंडून निघून गेलं:

"उपकार झाले! आणि रात्री पानं केव्हा मांडता?"

कामाक्षीने कपाळाला हात लावला. माईंनी पदर तोंडाशी नेला. तात्या मात्र अगदी शांत झाले. इतका वेळ हरवलेला त्यांचा सूर त्यांना एकदम सापडला.

"खोली लक्ष्मीला दिली आहे," ते म्हणाले. "बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम? वडील झोपाळ्यावर राहतील. ते काही आता उठतील असं दिसत नाही. राहता राहिला नारायण. तर नारायण चातुर्मासाचे चार महिने पाण्यातच निजतो, असं शास्त्र आहे. तुमची ओवरी गळते म्हणे ना? मग सोय झालेली आहे."

आणि भटजींना विचारलं तर, हेही शास्त्रात बसत होतं! पुढे यथावकाश लेक झाली, बाळबाळंतीण कोरड्यात सुखरूप राहिली, माईंच्या हातचं खाऊन कामाक्षी बाळसेदार झाली. आप्पा तर पूर्वजांच्या मुलखाला नावं ठेवायचंच विसरले. आणि त्याआधी, आषाढी एकादशीला, देव झोपला म्हणून सगळं पुणं उपास करत होतं, तेव्हा हा एक नारायण डोक्यावर परात धरून ओवरीत टक्क जागा बसला होता.